पोडियम पार्किंगच्या स्लॅबला ढाळ किती आणि पाणी न्यायचे कुठे?

आपला प्रश्न मला असा समजला. मुलुंडमधील आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासात रहिवासी मजल्यांच्या खाली तीन मजली पोडियम पार्किंग आहे, त्यातल्या सर्वांत वरच्या मजल्याचा बराचसा भाग उघड्यावर येतो आणि पहिल्या मजल्याचा स्लॅब पडूनही (म्हणजे ओतूनही) गेला आहे. विकासकाच्या मते पार्किंगचे स्लॅब सपाटच असतात, ढाळ दिला तर उंची वाया जाते, प्रत्येक खांबाशी चार इंची पाइप दिलेला आहे आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग मारले की पाण्याची चिंता उरत नाही. एवढे पुरेसे आहे का, नसल्यास किती ढाळ मागावा आणि पडलेल्या स्लॅबचे काय करावे, असे आपण विचारले आहे.

एवढे पुरेसे नाही. पण का नाही, हे नीट कळले तरच समितीच्या बैठकीत त्याचा उपयोग होईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पाइपांची संख्या आणि कोटिंगची जात हे प्रश्न नंतरचे आहेत. पाऊस थांबल्यावर स्लॅबचा प्रत्येक चौरस फूट किती वेळात कोरडा होतो, हा खरा प्रश्न आहे. काँक्रीट नुसते भिजल्याने बिघडत नाही. पाण्याच्या टाक्या वर्षानुवर्षे भिजलेल्याच असतात. भिजणे आणि वाळणे एकाच जागी पुन्हापुन्हा होत राहिले, त्यात वरून खारी हवा आणि गाड्यांचा धूर आला, की त्या जागेची सळई आधी गंजते. थंड देशांत पार्किंगचे स्लॅब रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाने खराब होतात आणि परदेशी मार्गदर्शिकांचा बराचसा भर त्यावरच असतो. मुंबईत ते मीठ नाही. आपल्याकडे क्षार समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर आणि गाड्या धुण्याच्या बोअरच्या पाण्यातून येतात. त्यामुळे निष्कर्ष तोच राहतो: पाणी साचता कामा नये.

एक उदाहरण सांगतो. पश्चिम उपनगरातील एका इमारतीचे पोडियम पाहायला मला जुलै महिन्यात बोलावले होते. खालच्या मजल्यावर छताला पांढऱ्या चुन्याची लोंबती टोके आली होती आणि गाड्यांवर थेंब पडू नयेत म्हणून सोसायटीने पत्र्याच्या पन्हळी टांगल्या होत्या, कारण त्या पाण्यातला चुना बॉनेटवर वाळला की रंगावर कायमचा डाग राहतो. हातोडीने छत ठोकले तेव्हा पाच-सहा ठिकाणी भद्द आवाज आला, आणि एका ठिकाणी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, हातात आले तेव्हा आतली दहा मिलिमीटरची सळई जेमतेम पेन्सिलीएवढी उरलेली होती. मग आम्ही वर गेलो. वरच्या बाजूला दोन खांबांच्या मधोमध पाण्याचे डबके होते आणि त्यात मोटारसायकलचे तेल इंद्रधनुष्यासारखे पसरले होते. खांबाशी असलेल्या पाइपाच्या जाळीत मात्र कोळ्याने जाळे विणलेले होते. ऐन जुलैत! त्या तोंडातून त्या पावसाळ्यात थेंबभर पाणीही गेलेले नव्हते. पाइप होता, जाळी होती, नकाशातील संख्या बरोबर होती. पाणी फक्त तिथे पोहोचत नव्हते.

असे का होते, हे समजायला थोडे गणित लागते. स्लॅब आणि बीम स्वतःच्या वजनाने झोळ घेतात, म्हणजे मधोमध खाली वाकतात, आणि हा झोळ पहिल्या दोन-तीन वर्षांत वाढत जातो. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार दीर्घकालीन परिणाम धरून एकूण झोळ गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या भागाच्या) लांबीच्या २५० व्या भागापर्यंत चालतो. आठ मीटरच्या गाळ्यात तो ३२ मिमी होतो. एवढा झोळ आला म्हणून कोणी आरसीसी कन्सल्टंटला (सांगाड्याचे गणित करणाऱ्या अभियंत्याला) दोष देऊ शकत नाही. पण दोन टोकांवर टेकलेला गाळा एवढा झोळ घेतो तेव्हा टोकाजवळ त्याला उलट दिशेने सुमारे १.३ टक्के ढाळ मिळतो, आणि गंमत म्हणजे हा आकडा गाळ्याच्या लांबीवर अवलंबून नसतो. म्हणजे आपण एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जो ढाळ द्याल, त्यातला १.३ टक्के शेवटच्या टप्प्यात झोळ खाऊन टाकू शकतो.

आता हेच आकडे आपल्या विकासकाच्या प्रस्तावाला लावून पाहू. स्लॅब अगदी सपाट असेल तर आठ मीटरच्या गाळ्यात मधोमध ३२ मिमी खोल बशी तयार होते आणि खांबाशी असलेला पाइप त्या बशीच्या काठावर येतो. दोनशेला एक ढाळ दिला तरी साधारण १५ मिमी पाणी उरते. शंभराला एक, म्हणजे एक टक्का दिला तर कागदावर फक्त तीन मिलिमीटर खोलीचे, पण पाइपाच्या अलीकडे तीन मीटर लांब पसरलेले डबके राहते. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. पण हे गणित काचेसारख्या गुळगुळीत स्लॅबचे आहे. प्रत्यक्षात पाटा फिरवताना आठ-दहा मिलिमीटरचा खालीवर सहज होतो, आणि मग त्या तीनचे दहा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मी दीड टक्क्याच्या खाली उतरत नाही आणि वरून उघड्या मजल्याला दोन टक्के मागतो. दोन टक्के म्हणजे मीटरला वीस मिलिमीटर. गाडी चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही.

यात परिस्थितीनुसार फरक पडतो, हे मान्य केले पाहिजे. सलग गाळ्यांत झोळ कमी येतो. पोस्ट-टेन्शन केलेल्या (आतल्या केबल ताणून ठेवलेल्या) स्लॅबमध्ये तो आणखी कमी असतो. चांगला कन्सल्टंट मुळातच मर्यादेच्या बराच आत राहतो आणि सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू) बांधतानाच मधोमध उलटा बाक देतो. आपल्या इमारतीचे गाळे किती लांब आहेत, स्लॅब साधा आहे की पोस्ट-टेन्शनचा, स्टॅक पार्किंगची (गाड्या एकावर एक ठेवणारी) यंत्रे येणार आहेत का, हे आपल्या प्रश्नात नाही. यंत्रे असतील तर त्यांच्या पायांखालची जागा समतल लागते आणि खड्ड्यातील यंत्रे असतील तर प्रत्येक खड्ड्याला स्वतःची निचऱ्याची वाट लागते. हे आत्ताच विचारून घ्या. यंत्रांचा पुरवठादार बहुधा स्लॅब पडल्यानंतरच उगवतो.

ढाळ द्यायचा तो स्लॅबमध्येच द्यायचा की वरच्या थरात, हा खरा वादाचा मुद्दा आहे. वरून थर टाकणे सोपे असते, कारण सेंटरिंगवाल्याला काही करावे लागत नाही. स्लॅब सपाट पडतो आणि मग गवंडी दोरी लावून, ठिये मारून, कोब्याने ढाळ काढतो. पण आठ मीटरला दोन टक्के म्हणजे एका टोकाला १६० मिमी उंची. कमीत कमी जाडी ४० मिमी धरली तर सरासरी १२० मिमी जाडीचा थर होतो आणि त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे पावणेतीनशे किलो भरते. आयएस ८७५ या भारांच्या मानकानुसार हलक्या गाड्यांच्या पार्किंगसाठी धरायचा भार चौरस मीटरला अडीचशे किलो आहे. म्हणजे गाड्यांपेक्षा ढाळच जड झाला, आणि तो चोवीस तास तिथेच उभा. ढाळाचे अंतर निम्मे केले, म्हणजे चार मीटरवर निचरा ठेवला, तर सरासरी ८० मिमी आणि सुमारे १८५ किलो होते. ते पेलण्यासारखे आहे, पण कन्सल्टंटने ते आधीच धरलेले असले पाहिजे. बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा: ढाळाच्या थराचे वजन गणितात धरले आहे का, आणि किती मिलिमीटर?

ब्रिकबॅट कोब्याबद्दल, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या कोब्याबद्दल, दोन शब्द. गच्चीवर तो मुंबईत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे आणि गच्चीवर मी त्याला नावे ठेवत नाही. गाड्यांखाली मात्र तो चालत नाही. विटांचे तुकडे पाणी पितात, चाकांच्या वळणाने वरचा थर चिरतो आणि एकदा आत शिरलेले पाणी पावसाळा संपल्यावरही महिनाभर स्लॅबवर झिरपत राहते. वरून ऊन पडले की कोबा कोरडा दिसतो, खालून छत ओलेच असते. पार्किंगला थर टाकायचाच असेल तर तो स्लॅबला घट्ट चिकटवलेल्या काँक्रीटचा असावा, खालचा स्लॅब खरवडून, धुऊन, बाँडिंग कोट मारून टाकलेला.

माझी पसंती स्लॅबलाच ढाळ देण्याला आहे, आणि विकासकाच्या ‘उंची वाया जाते’ या आक्षेपाचे उत्तरही तिथेच आहे. एकाच गाळ्यातील स्लॅब मुडपून ढाळ काढला तर खरोखरच कुठेतरी उंची जाते. पण मजल्याचा संपूर्ण पट्टा, बीमांसकट, एका दिशेला दोन टक्के कलता केला आणि वरचे-खालचे सगळे मजले तसेच कलते ठेवले, तर दोन मजल्यांमधील अंतर कुठेही बदलत नाही. फरक फक्त सर्वांत खाली जमिनीशी आणि सर्वांत वर रहिवासी मजला सुरू होतो तिथे सांभाळावा लागतो. खांबांच्या उंचीत मजल्यागणिक वेगळे काही करावे लागत नाही. सेंटरिंगचे टेकू एकदा नीट लावले की तीच मापे वर जातात. सेंटरिंगचा ठेकेदार कुरकुर करतो हे खरे, आणि लेव्हल मशीन घेऊन एक सुपरवायझर तिथे दिवसभर उभा करावा लागतो, हेही खरे. पोडियमचे काम ॲल्युमिनियमच्या तयार साच्यांत असेल तर हे अवघड होते, पण पोडियमला बहुधा साधेच सेंटरिंग असते.

आता निचऱ्याची तोंडे कुठे ठेवायची ते पाहू. आपल्या प्रस्तावातील सर्वांत मोठी चूक इथे आहे. खांबाशी पाइप ठेवणे प्लंबरला सोयीचे असते, कारण उभा पाइप खांबाला चिकटून खाली नेता येतो. पण खांब ही स्लॅबची न झुकणारी जागा, म्हणजे झोळ आल्यानंतरची सर्वांत उंच जागा. शिवाय खांबाजवळच वरच्या सळयांची सर्वांत दाट गर्दी असते आणि वरून तडा जाण्याचा संभवही तिथेच जास्त. अशा जागी भोक पाडून त्यात पाणी ओढणे म्हणजे स्वतःच्या हाताने दुखणे बोलावणे. तोंड गाळ्यात, झोळ येणार त्या बाजूला ठेवावे, म्हणजे वर्षे गेली तरी झोळ आपल्या मदतीलाच येतो. तिथून आडवा पाइप छताखालून खांबापर्यंत न्यावा. त्या आडव्या पाइपाला शंभराला एक ढाळ लागतो आणि तो बीमच्या खाली लोंबू नये म्हणून बीममधून जाणारी स्लीव्ह (पाइपासाठीची आरपार नळी) आधीच ठेवावी लागते. नाही तर उंच एसयूव्हीच्या छतावरील कॅरियर पहिल्याच महिन्यात तो पाइप तोडतो. उभ्या पाइपाला जमिनीपासून मीटरभर लोखंडी गार्ड लावायला विसरू नका.

तोंडाचा आकार हा आणखी एक दुर्लक्षित विषय आहे. आठ बाय आठ मीटरचा उघडा गाळा घेतला तर तो ६४ चौरस मीटर होतो. तासाला १५० मिमीचा पाऊस धरला तर तिथे सेकंदाला सुमारे २.७ लिटर पाणी येते. हे पाणी चार इंची पाइपाच्या नुसत्या तोंडात शिरायचे तर तोंडाभोवती अंदाजे ३० मिमी पाणी उभे राहावे लागते. त्याच पाइपाच्या वर ३०० मिमी चौकोनी खोलगट पेटी दिली, तर १२ मिमीत काम भागते. पाइप तोच, फक्त घसा रुंद केला. उभ्या पाइपाचे म्हणाल तर तासाला १०० मिमीच्या पावसासाठी मी चार इंची पाइपावर ४० चौरस मीटरपेक्षा जास्त क्षेत्र टाकत नाही. १५० मिमी धरायचे तर २८ चौरस मीटर. म्हणजे वरच्या अशा गाळ्याला एक सहा इंची पाइप लागतो.

तासाला १५० मिमी हा आकडा काहींना अतिरेकी वाटतो. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिमीच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या आणि ब्रिमस्टोवॅड या त्या वाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात तो हिशेब ५० मिमीवर नेण्यात आला. पण ते रस्त्यांखालच्या नाल्यांचे मोजमाप आहे. छोट्या स्लॅबवर पाणी जमा व्हायला दोन मिनिटेही लागत नाहीत, त्यामुळे तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या सरींचा जोर मोजावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्यातला सुमारे १९० मिमी एकाच तासात. त्या दिवसासाठी पाइप घातला तर इमारतीत पाइपच पाइप दिसतील, म्हणून मी १५० धरतो आणि त्यावरच्या पाण्यासाठी कठड्यात उघडे स्पाउट (पाणी बाहेर सोडणाऱ्या तोट्या) ठेवतो, म्हणजे तोंडे तुंबली तरी पाणी स्लॅबवर चढण्याऐवजी बाहेर पडते आणि बाहेर पडणारे पाणी पाहून वॉचमनला कळते की आत काहीतरी तुंबले आहे.

इथपर्यंत मुख्य गोष्टी तीन झाल्या: झोळ पचवेल एवढा ढाळ, तो शक्यतो स्लॅबमध्येच, आणि निचऱ्याची रुंद तोंडे खांबापासून दूर. पुढचे मुद्दे यांच्या मानाने लहान आहेत, पण वगळण्यासारखे नाहीत.

आतल्या मजल्यांवर पाऊस पडत नाही, तेव्हा तिथे ढाळ कशाला, असे आपल्याला ऐकवले जाईल. वाऱ्याबरोबर तिरपा पाऊस उघड्या कडेपासून चार-पाच मीटर सहज आत येतो. भिजून आलेल्या शंभर गाड्या रात्रभर ठिबकत उभ्या असतात. स्प्रिंक्लरची चाचणी घेतली की तेही पाणी तिथेच पडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाड्या धुणारी मुले रोज पहाटे बादल्यांनी गाड्या धुतात, आणि हे पाणी वर्षाचे ३६५ दिवस येते. पावसाचे पाणी निदान गोडे असते. टँकरचे किंवा बोअरचे पाणी किती खारे आहे, हे कोणी तपासलेले नसते. मी पाहिलेल्या बऱ्याच इमारतींत आतल्या मजल्याचा स्लॅब उघड्या मजल्याच्या आधी खराब झालेला होता, कारण उघड्यावर ऊन तरी येते. आतल्या मजल्यांना दीड टक्का ढाळ द्या, तोंडे थोडी कमी ठेवा, आणि शक्य झाल्यास प्रत्येक मजल्याचा एक कोपरा धुण्यासाठी राखून तिथे स्वतंत्र निचरा आणि तेल अडवणारी पेटी द्या.

जोड, कडा आणि भोके याबद्दल थोडक्यात. एक्सपान्शन जॉइंट (इमारतीच्या आकुंचन-प्रसरणासाठी सोडलेला जोड) नेहमी ढाळाच्या उंच रेषेवर असावा, आणि ते जमतच नसेल तर पाणी जोडापर्यंत पोहोचण्याआधी अडवणारी जाळीची नाली वरच्या बाजूला असावी. लिफ्टची लॉबी, जिना आणि विजेचा डक्ट यांच्या भोवती उंबरठा हवा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरण्याच्या तक्रारी आल्या की दरवेळी तिथे हा उंबरठा सापडत नाही. पाइपांची भोके स्लॅब पडल्यावर कोअर कटिंगने (यंत्राने गोल कापून) पाडण्याऐवजी कॉलर असलेले पाइपाचे तुकडे सळया बांधतानाच बसवावेत. पीव्हीसीचा गुळगुळीत पाइप काँक्रीटला धरत नाही, आणि नंतर मालाने बुजवलेले भोक बहुतेक वेळा पहिल्या पावसातच गळते. स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल तर कोअर कटिंग हे सरळ धोक्याचे काम आहे, कारण ताणलेली केबल कापली गेली तर नुकसान भरून काढणे सोपे नसते.

कोटिंगच्या मी विरोधात नाही. गाड्यांसाठी बनवलेले चांगले पीयू कोटिंग उघड्या मजल्याला मी स्वतः सुचवतो. पण ते दुसऱ्या फळीचे काम आहे. साचलेल्या पाण्याखाली ते लवकर सुटते, वळणांवर चाकांनी झिजते आणि काही वर्षांनी पुन्हा मारावेच लागते. त्या वेळी बिल कोणाच्या नावाने निघते, हे समितीला सांगायला नको. कोटिंग मारले जाणार असेल तर दोन गोष्टी पाहा. कठड्याशी आणि खांबाशी सिमेंटचा गोलसर वाटा (कोपरा भरणारी गोलाई) काढून त्यावर कोटिंग चढवले आहे का, आणि ते निचऱ्याच्या पेटीच्या आत वळवून तिच्या पट्टीखाली दाबले आहे का. पेटीच्या कडेला कापून सोडलेले कोटिंग पाण्याला आमंत्रणच देते. ओल्या थरावर पावसाळ्यात घाईने मारलेले कोटिंग फुगे धरते, म्हणून हे काम डिसेंबर ते एप्रिल या काळात करून घ्या.

काँक्रीटबाबतही एक आग्रह धरा. पार्किंगचे आतले मजले छताखाली आहेत म्हणून कन्सल्टंट बऱ्याचदा आयएस ४५६ मधील हवा-पाण्याच्या माऱ्याचा ‘मध्यम’ वर्ग धरतात, म्हणजे एम२५ प्रतीचे काँक्रीट आणि ३० मिमी कव्हर. वारंवार भिजणे-वाळणे धरले तर पार्किंग ‘तीव्र’ वर्गात जाते: किमान एम३०, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत आणि ४५ मिमी कव्हर. एम३५ वापरले तर कव्हर पाच मिलिमीटरने कमी करता येते. साइटवर मात्र वीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक सर्रास दिसतात आणि माणसे सळयांवर नाचून वरचे कव्हर कुठे दहावर आणतात, कुठे साठवर नेतात. वरच्या सळयांखालच्या खुर्च्या (त्यांना उचलून धरणारे आधार) मोजून घ्या.

जमिनीच्या पातळीचे थोडे. रॅम्प रस्त्याकडून आत उतरत असेल तर गेटपाशी आधी उंचवटा आणि मग उतार असावा, म्हणजे तुंबलेल्या रस्त्याचे पाणी आत येणार नाही. रॅम्पच्या तळाशी पूर्ण रुंदीची जाळीची नाली हवी. भरतीच्या वेळी नाल्यांचे पाणी उलटे येऊ शकते, म्हणून शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि खाली तळघर असेल तर दोन पंप, दुसरा जनरेटरवर चालणारा.

आणि जाळ्या. मे महिन्याच्या शेवटी गुलमोहोराच्या पाकळ्या आणि पर्जन्यवृक्षाची पाने वाऱ्याने पोडियमवर येतात आणि पहिल्या सरीत जाळीवर ओल्या गालिच्यासारखी बसतात. जाळी सपाट नको, थोडी घुमटाकार किंवा पेटीत खोल बसवलेली हवी, हाताने उचलता येणारी, पण चाकाखाली खडखडणार नाही अशी. खडखडणारी जाळी कोणीतरी वीट ठेवून शांत करतो. मी तीही पाहिली आहे.

राहिला पडलेला पहिला स्लॅब. तो तोडायचा नाही. साडेचार मीटरपेक्षा लांब गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान चौदा दिवस आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमचे एकवीस दिवस ठेवायचे असतात. ते काढल्यावर स्लॅब आपली खरी जागा घेतो. टेकू काढण्याच्या आदल्या दिवशी आणि नंतर महिन्याभराने, दोन-दोन मीटरच्या चौकडीत लेव्हल मशीनने मापे घ्यायला सांगा. दोन मापांतला फरक म्हणजे तोवरचा झोळ, आणि त्यावरून वरच्या दोन मजल्यांना किती ढाळ लागेल, हे आपल्याच इमारतीच्या आकड्यांनी सिद्ध होईल. त्यानंतर पाण्याचा पाइप लावून स्लॅब भिजवा, तासाभराने उरलेल्या डबक्यांभोवती खडूने रेघ मारा आणि फोटो ठेवा. खरी खोल जागा जिथे दिसेल तिथे, कन्सल्टंटच्या लेखी संमतीने आणि आधी सळया किंवा केबल कुठे आहेत ते स्कॅनरने पाहून, निचऱ्याची नवी तोंडे काढता येतील. त्यांच्याभोवती चार मीटरच्या आतच ढाळाचा चिकटवलेला थर टाकला तर वजनही आटोक्यात राहील. खांबाशी दिलेली जुनी तोंडे बुजवायची गरज नाही, ती धुण्याच्या पाण्याला उपयोगी पडतील. मापांचे हे काम प्रत्येक वेळी एका दिवसाचे आहे; पण आदल्या दिवशीचे माप टेकू निघाल्यावर पुन्हा घेता येत नाही, आणि दोन्ही मापे हाती आल्याशिवाय दुसऱ्या मजल्याच्या सळया बांधायला घेऊ देऊ नका.